गुरुवारची पायरी

नाही नाही, परत फिरू नकोस. हॉल हाच. चुकलाय तो वार—दाखव तो कागद. हं, गुरुवार, सहा. कुठून काढलास, वाचनालयाच्या फळ्यावरून? मी सगळे फाडले होते तिथले, एक राहिलाच म्हणायचा. बैठक आता मंगळवारी असते बाबा. गुरुवारी समोरच्या पबमध्ये मटणाच्या ट्रेची सोडत असते ना, तिकिटाचा नंबर लागला की ट्रेभर मटण घरी, अर्धं गाव लोटतं, आणि आमच्यातले निम्मे या दारापर्यंत पोचायच्या आधीच त्या दारात शिरायचे. म्हणून मंगळवार. मीच सुचवलं, मीच हात वर केला. हसतोस काय, तूही दोनदा तिकडे पाहिलंस, मी इथून बघत होते. बस. थांब, बायकोचं नंतर सांग, आधी बस, या बाजूला सावली आहे.

मी? मी खुर्च्या मांडते, चहाचं पाणी ठेवते. चहा भयंकर असतो, आधीच सांगते. आणि दारूचा म्हणशील तर एकोणीस वर्षं झाली, थेंब घेतला नाही. मग मंगळवार असताना गुरुवारी इथे काय करते—बरोबर आहे तुझं. तुझ्यासारखा कुणी चुकून येतो म्हणून बसते. दीड वर्षात चार आले. तू पाचवा.

कारण एकदा एकजण आला होता आणि इथे कुणी नव्हतं. वार बदलून तीनच आठवडे झालेले. त्यानं मदतीच्या नंबरवर फोन केला—तो फोन आमच्यात आळीपाळीनं घरी नेतात, त्या आठवड्यात एका बाईकडे होता. नाव विचारायचं नाही, ओळख लागली तरी दाखवायची नाही, हा आमचा धर्म. त्यानं विचारलं, बैठक कधी असते. बाई म्हणाली, गुरुवारी, सहाला. जुनी सवय. जीभ घसरली, दुसरं काय. माणसाचीच जीभ आहे.

तर तो आला. पलीकडची व्हॅल गुलाबांना पाणी घालत होती, तिनं पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, हातात बिस्किटांचा पुडा—आमच्याकडे रिकाम्या हातानं कुणी कुठे जात नाही, दारू सोडायला निघाला तरी. दार हलवून बघितलं त्यानं, मागच्या दारालाही जाऊन आला, आणि मग तू बसलायस ना, तिथेच बसला. चाळीस मिनिटं. व्हॅलला वाटलं कुणाची तरी वाट बघतोय, बोलायचं कशाला. समोर सोडतीचे नंबर पुकारत होते, ऐक, इथवर येतात. मग उठला, पुडा पायरीवर ठेवला आणि रस्ता ओलांडून तिकडे गेला. तिथून निघाल्यावर नदीच्या वळणावर गाडी झाडावर घातली. जागच्या जागी. वाट बघायची सवयच होती त्याला—शाळेच्या फाटकाशी असाच उभा राहायचा, सगळी पोरं जायची, शिपाई कुलूप लावायचा, आणि मी इकडे स्वयंपाकघरात फरशीवर—

काय? मी, असं म्हणाले का? म्हणाले असेन.

ब्रेंट. माझा ब्रेंट. अडतिसावं चालू होतं. आणि ती बाई म्हणजे मीच, आता लपवून काय करू. एकाच गावात राहून चार वर्षं बोलला नव्हता माझ्याशी, आणि त्याचा हक्कच होता तो. फोनवर पहिल्या शब्दाला ओळखला मी. आवाज बदलला, नाकातून बोलले—मला ओळखून ठेवून दिला फोन तर? तो म्हणाला, 'तिथे माझी आई येते—' आणि मी मधेच म्हणाले, 'गुरुवारी, सहाला', आणि ठेवला. मीच ठेवला. जीभ घसरली वगैरे काही नाही रे, मला ते पुढचं ऐकायचं नव्हतं. एकोणीस वर्षं या हॉलमध्ये परक्यांचं सगळं ऐकलं, आणि पोटच्या पोराचं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही. काय म्हणणार होता? ती येते, मग मी येत नाही? की ती येते, तिला सांगून ठेवा? रोज जोडून बघते. कुठलंच बसत नाही.

पुडा व्हॅलनं दुसऱ्या दिवशी आणून दिला. मुंग्या लागल्या होत्या. आल्याची बिस्किटं होती, ती दगडासारखी कडक असतात ती. ब्रेंटला आल्याचा वाससुद्धा चालत नसे. घरात ती फक्त मी खायची, चहात बुडवून.

असो. डोळे पुसू नकोस, मीही पुसत नाही. किल्ली आहे माझ्याकडे, पण आत भट्टी असते या दिवसांत, इथेच बसू. आणि मंगळवारचं मंगळवारी बघू. दोन माणसं असली की बैठक होते, हाही आमचा नियमच आहे. मी मार्लीन. मी दारुडी आहे. आता तू. आडनाव नको. मघाशी काय म्हणत होतास—'माझी बायको'—आणि मी अडवलं तुला. तिथूनच धर. मी मधे बोलणार नाही.