शेगावहून येताना करंट कुठं गेला

झाकन उघडा तुमी, मी कुठं नाही म्हनून राह्यलो? — फक्त जरा ह्या अंगानं उभे राहा, मले तुमचे हात दिसले पाहिजे. राग नका मानू साहेब. संभाजीनगरहून भल्या सकाळी निघून तुमी आमच्या देऊळघाटले आले, लय मोठं काम केलं, पन तुमी पडले कंपनीचे मानूस. गाडी कंपनीची, लॅपटॉप कंपनीचा, अन् तपासनारा बी कंपनीचा — मंग आमच्या बाजूनं कोन? आमच्या बाजूनं हा उकंडराव. तुमचं होईस्तोवर मी इथून हालत नाही. चहा घेता? मीच केला हो, थर्मासात भरून आनला. घरात सध्या… जाऊ द्या. पंधरा दिवस झाले, मनकर्णाबाई माह्याशी बोलत नाही. माही बायको हो. ताट समोर ठेवते अन् आत निघून जाते. ते बी याच गाडीपाई.

गाडी माह्या पोराची, गोकुळची. पुन्याले असते तो. दहा-अकरा वर्सांमागं असल्या बिनतेलाच्या गाड्या नव्या नव्या निघाल्या होत्या, तवा यानं हौसेनं घेतली. आता त्यानं मोठी घेतली अन् ही बापाले धाडून देल्ली — ते बी ट्रकावर घालून! मी म्हनलं, काऊन बाप्पा, गाडीले चाकं नाही काय? तं म्हने बाबा, चालवत आनली तं वाटेत चार ठिकानी थांबून भरा लागते. मले तवाच समजाले पाहिजे होतं. काय काय सांगू तुमाले? आवाज नाही तिले — बकऱ्या रस्त्यातून हालत नाही, मानसं हालत नाही, एक म्हातारा तं बोनटावर हात टेकून बिडी पेटवत होता. पोट खाली, गावातल्या गतिरोधकावर घासते. भराले लावली तं प्लग असा तापते का हात लावू देत नाही. अन् मधात लाइन गेली — आमच्याइथं जातेच — तं लाइन वापस आल्यावर बी ही भरत नाही, प्लग काढून पुन्हा लावा लागते. आमी समजतो भरून राह्यली, ही आपली बसेल आहे उपाशी. अन् एक दिवस तं उठेच ना! एवढी मोठी बॅटरी खाली भरेल, अन् इथं झाकनाखाली ही एक हाताएवढी बॅटरी मेली म्हनून सारी गाडी मेली. दोन बॅटऱ्या! एकीचं पोट भरेल अन् दुसरीपाई दोघी बसेल. हे कोन्या शहान्यानं काढलं, त्याले एकदा भेटा लागते.

पन ते जाऊ द्या, ते मी सहन केलं. तुमाले बोलावलं ते वेगळ्या कामाले. मले कागद पाहिजे. शिक्क्याचा कागद — का या गाडीतला करंट कोनीतरी वापरला. कोन वापरला ते मले ठाऊक आहे, ते तुमी लिवू नका, नाव मी सांगीन.

जानराव. माहा ड्रायवर. अठरा वर्स माही काळी-पिवळी जीप चालवली त्यानं, बुलढान्याच्या रस्त्यावर. चांगला मानूस. होता. आता जीपवाल्या मालकाले ड्रायवरवर नजर ठेवाच लागते, साहेब, तुमी कंपनीत असता, तुमाले हे कसं समजनार? ड्रायवर संध्याकाळी गाडी आनून लावते, अन् मधात एक फेरी स्वतःची मारली तं मालकाले काय समजते? किलोमीटरचा काटा म्हंता? आमच्या जीपचा तो काटा पयल्या वर्सीच मेला होता. साऱ्याच जीपांचा मेलेला असते, तो पाहते कोन? आमी काडी पाहतो. डिझलच्या टाकीत घालाची काडी — तुरीची, खाचा पाडेल. सकाळी घालून पाहाची, संध्याकाळी घालून पाहाची, कितीक खाचा ओली निघते. इतक्या फेऱ्या, इतक्या खाचा. माह्यासमोर जानराव स्वतः काडी आनून द्याचा. रोज. अठरा वर्स. त्याचं तोंड वाकडं झालेलं मी पाह्यलं नाही.

मंग ही गाडी आली. हिच्यात काडी कुठं घालता? पन आकडा आहे ना समोर — एवढे किलोमीटर जाईन म्हनून दाखवते तो. मी म्हनलं, बरं झालं, हा काडीपेक्षा पक्का. संध्याकाळी मी पाहाचो अन् गोठ्याच्या दरवाज्यावर खडूनं लिवून ठेवाचो. चाबी जानरावापाशी, त्याले सकाळी सकाळी गाडी काढा लागते म्हनून. अन् काय दिसे मले? संध्याकाळी शहाऐंशी, सकाळी सत्त्याहत्तर. नऊ किलोमीटर गेले कुठं? अन् थंडीच्या दिवसात तं चौदा-चौदा! मी मोजत बसलो — नऊ म्हंजे बुलढान्याच्या रस्त्यानं अर्ध्यात जाऊन वापस. चौदा म्हंजे जाऊन सवारी घेऊन थोडं इकडं-तिकडं. जमते का नाही? बरोबर जमते. आवाज तं नाहीच गाडीले, अंगनातून निघाली तं कोनाले ऐकू येते? पाहत राह्यलो. महिनाभर निसता पाहत राह्यलो.

अन् मंग तो शेगावचा गुरवार. मनकर्णाबाईले दर्शनाले जाचं होतं. जानराव म्हने, मालक, दूर पडते, येतानी घाट आहे, एस.टी.नं जा ना बाई. मी म्हनलं — हं! याले काऊन नको? संध्याकाळी एकशे दहा दाखवत होती, तरी याले नको! मी धाडलंच. घाट उतरून खामगावातून शेगावले गेले, तिथं लॉजच्या प्लगवर गाडी भराले लावली. मनकर्णाबाई रांगेत. जानराव काही देवळात जात नाही, त्याचं त्याच्यापाशी, त्याले मी कवा बोललो नाही. तो गाडीजवळ. आता शेगाव कसं आहे तुमाले ठाऊक आहे — टेसनवरून देवळाले मानसं इतके, का गाडी उभी केली तं सवारी आपोआप येऊन बसते. चार तास गाडी अन् हा मानूस एकटे. चार तासांत किती फेऱ्या होतात? निघतानी मनकर्णाबाईनं मले फोनवर सांगतलं, ब्याण्नव दाखवते. घर ऐंशीक किलोमीटर. मी म्हनलं, या आरामात. घाटाच्या पायथ्याशी पस्तीस होते अन् घर उरलं तीस. अन् बोथ्याच्या घाटात पाच-सहा किलोमीटर चढली का नाही, शून्य! उभी. दोन्हीकडं जंगल, फोनले रेंज नाही, बाईच्या मांडीवर प्रसादाची पिशवी, माकडं येऊन राह्यले. ट्रकवाल्यानं दोर लावून वर आनली. सांगा आता मले — पस्तीस किलोमीटरचा करंट पाच-सहा किलोमीटरात जाते कुठं? टाकीले भोक पडलं असतं तं रस्त्यावर डिझल दिसलं असतं. करंट सांडते काय?

काय म्हंता? — अंदाज? तो आकडा अंदाज आहे? म्हंजे मोजेल नाही? मांगच्या रस्त्यानं कशी गेली ते पाहून पुढचं सांगते? म्हंजे सकाळी घाट उतरून गेली म्हनून तिले वाटलं, सारी दुनिया उतारच आहे? अहो, इथल्या बकरीले ठाऊक आहे का वापस घाट चढा लागते! इतकी शिकेल गाडी अन् तिले ठाऊक नाही? अन् बॅटरी म्हातारी झाली म्हनून भरेल दिसते पन मावते कमी… अन् थंडीत उभ्या-उभ्या उतरते. रोज. आपोआप. असं तुमीच सांगनार, साहेब, तुमी कंपनीचे. उद्या तुमी म्हनसान उकंडराव खोटा अन् गाडी बी खोटी, फक्त जानराव खरा.

हेच म्हनला होता तो. त्या शुक्रवारी सकाळी मी त्याले पारावर बोलावलं, गावातले आठ-दहा मानसं बसेल होते, त्यायच्यासमोर बोलावलं. मी म्हनलं, शेगावात किती फेऱ्या मारल्या, सांग. तं माह्याकडं पाह्यलं त्यानं, अन् म्हने, मालक, गाडी खोटं बोलते. मी म्हनलं, गाडी कशाले खोटं बोलन, तिले काय पोटंपानी आहे? पोटंपानी तुले आहे. माही चूक झाली हे म्हननं? असन बी. पन मानसं हासले ना. त्यानं चाबी काढून पारावर ठेवली अन् गेला. चोर नसता तं भांडला असता — का नाही? मी असतो तं भांडलो असतो.

मनकर्णाबाई म्हने — तवा बोलत होती ती — मी रांगेतून बाहेर आली तं जानराव उन्हात बसेल होता, अन् छत्री प्लगावर धरेल होती, प्लग तापून राह्यला म्हनून. जेवला बी नव्हता, लॉजवाला प्लग काढून टाकन म्हनून जागेवरून हालला नाही. मी म्हनलं, बाईमानूस भोळं, तुले दाखवाले धरली असन छत्री. त्या दिवसापासून बोलनं बंद.

अन् मंग काल बुलढान्याच्या एका शाळेतून फोन आला. त्यायले लेकरांच्या गाडीवर ड्रायवर पाहिजे. म्हने जानराव तुमच्याकडं अठरा वर्स होता, कसा आहे? मी काय चूक सांगू? लेकरांची गाडी आहे. मी म्हनलं, चालवते झकास, पन नजर ठेवा. एवढंच म्हनलं. ते म्हने, बरं झालं सांगतलं, उद्या-परवा ठरवतो. उद्या ठरनार आहे ते. म्हनून मी म्हनलं, त्याआधी कागद आलेला बरा. उद्या कोनी म्हनाले नको का उकंडरावनं मनानं बोललं.

नाही, तुमी असे पाहू नका माह्याकडं. जीपवर कवा डिझल काडीवर कमी भरलं होतं काय, असं विचारता? भरलं ना. एकदा. अठरा वर्सांत एकदाच, दोन खाचा. मी जानरावले लय बोललो, आठ दिवस घरी बसवलं. त्यानं ते आठ दिवस बी काढले. मंग समजलं — गोकुळनं काढलं होतं, दोस्ताच्या लग्नात डीजेच्या जनरेटरले. पोरगं तवा कॉलेजात. आता पोरासाठी गड्यासमोर मान खाली घालाची? मी गोकुळले दोन ठेवून देल्ल्या अन् जानरावले वापस बोलावलं. झालं. सांगतलं नाही त्याले. आजवर नाही. घरात बी नाही. तुमी बाहेरचे, आज आहा अन् उद्या नाही, म्हनून बोलून गेलो. ते कागदात नका घेऊ.

हे काय उघडलं आता? गाडीनं स्वतः लिवून ठेवेल असते? तारखेसंगं? — दाखवा. नाही, थांबा, चष्मा… हं. गुरवार, हाव, तोच गुरवार. दहा वाजून पाच मिनिटं, प्लग लागला. दोन वाजून वीस मिनिटं, प्लग निघाला. अन् मधात? मधात काहीच नाही? प्लग लागेल असला तं गाडी हालतच नाही, गिअरच पडत नाही… असं का. अन् ह्या साऱ्या राती, नऊ-नऊ अन् चौदा-चौदावाल्या? शून्य. हे बी शून्य. हे बी. हे सारेच शून्य आहे काय, साहेब?

…ऊन लय झालं नाही? सावलीत या.

मी काय म्हंतो, कागदावर असं लिवा ना, का निश्चित सांगता येत नाही. एवढंच. तुमचं काय जाते? लिवता येत नाही म्हंता. बरं, मंग कागदच नका देऊ, मले नको कागद, तुमी आले होते हेच मी कोनाले… लिवून बी झाला? अन् सही कायची? मी नाही करत. सही केली म्हंजे —

अवं. तू कवापासून उभी आहे वं दारात? आत जा, साहेब निघालेच. काय पाहिजे तुले? अवं त्यायच्या हातातला कागद कायले घेतला? इकडं आन. मनकर्णे. वाचून झालं ना, आन इकडं. बोल तं काही! पंधरा दिवस झाले, बोल, शिव्या दे, पन बोल… कुठं चालली? त्या डिझलचं बी ऐकलं काय तुनं? अवं उभी राह्य, मी सांगतो त्याले, मीच सांगीन, शाळेत बी मीच फोन करतो, आत्ता करतो, उद्या करतो — मनकर्णे!

पुलाकडं वळली. जानरावाचं घर तिकडंच आहे. पायात चप्पल बी नाही तिच्या.

तुमी काय पाहून राह्यले, साहेब? झालं ना तुमचं? झाकन लावा अन् निघा.