एका तारेसाठी

भिवंडीच्या दवाखान्याच्या रांगेत मनिषाने थुंकी तपासायची रिकामी डबी पदराखाली दडवली होती. पुढे उभ्या राघोच्या कानांत तीस वर्षांचा कापडाच्या लूमचा खडखडाट बसलेला, म्हणून त्याची लेक धम्मदिना ओरडूनच बोलत होती.

“अप्पा, डबी भरा.”

“खोकला लूमच्या रुव्याचा हाय, कापसाच्या धुळीचा. टीबी न्हाय.”

“मग घाबरता कशाला?”

“तुझं कॉलेजातलं मशीन टीबी कसा पकडतं, ते सांग आधी.”

“सोन्याचे कण असतात, डोळ्यांना न दिसणारे. त्यांवर डीएनएचा धागा बसवलेला. जंतूचा धागा येऊन त्याला जुळला की करंट बदलतो.”

“म्हंजे आमची ड्रॉपपिन! सुताची तार तुटली की पिन पडते, करंट लागतो, लूम थांबते.”

“तेच. फक्त इथे तार जुळते.”

“हितं हाय ते मशीन?”

“नाही, अजून लॅबमध्येच आहे. इथलं वेगळं. बरं, लूम थांबली की काय करता?”

“तार सांधतो. परत चालू.”

“भंगारात नाही देत?”

“येडी का तू? एका तारेसाठी?”

“मग टीबी सापडला तर तुम्हाला कोण भंगारात देईल?”

राघो मागे उभ्या मनिषाकडे वळला.

“ताई, जरा माझी जागा राखा. बाहेर मोकळ्यात डबी भरून येतो.”

मनिषाने पदराखालून डबी काढली.

“जागा तुमची पोर राखंल, काका. मी बी येते.”