हॉट प्रेसमधली रीसलिंग

...हॉट प्रेसमध्ये! नाही, तुम्हीच सांगा, वाईन कोणी हॉट प्रेसमध्ये ठेवतं का? लोक तळघरात ठेवतात, फ्रीजमध्ये ठेवतात, अगदीच अडाणी असले तर टीव्हीशेजारी शोपीस म्हणून ठेवतात, पण आमच्या बाबांनी... थांबा, तुम्हाला हॉट प्रेस माहीत नसेल. आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात, का म्हणतात ते मला विचारू नका, आणि गरम पाण्याची टाकी असलेलं कपाट म्हणजे हॉट प्रेस. आयरिश माणसं त्यात टॉवेल ऊबदार ठेवतात. आणि आपली माणसं? दही लावतात, इडलीचं पीठ फुगवतात! डंडॉकपासून स्लायगोपर्यंत कुठल्याही मराठी घरात जा, हॉट प्रेस उघडा, आंबूस वास आला की समजायचं, आपलंच घर. त्या पिठाच्या पातेल्याशेजारी, टॉवेलात गुंडाळून, माझी रीसलिंग, जर्मनीतल्या मोझेल नदीकाठची पांढरी वाईन!

आणि ठेवली कोणी? राजीव साहेबांनी! माझे वडील हो. औषधांच्या कारखान्यात कोल्ड स्टोरेज सांभाळतात. दोन ते आठ डिग्री! तिकडे पारा नऊवर गेला की यांचा घसा कोरडा पडतो, मीटिंगा होतात, माणसं कामाला लागतात. आणि घरी? घरी रीसलिंगला स्टीम बाथ!

तुम्हाला सांगतो, मुळात ही बाटली साधी नव्हती. माझं सगळं तिच्यावर होतं. मी इंद्रनील, इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं, कोणी काढलं नाही, मी सोडलं, कारण वर्गात बसून मला झोप येत होती आणि झोपून मला राग येत होता. आता ड्रोहेड्यात वाईनच्या दुकानात आहे. छान चाललंय. डिअर्ड्रा, म्हणजे आमची मालकीण, म्हणते तुझं नाक चांगलं आहे. बावीस वर्षांत माझ्या कुठल्या अवयवाला कोणी चांगलं म्हटल्याची ही पहिलीच वेळ! आणि ऑक्टोबरात ती मला मोझेलला पाठवणार आहे, तिच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे, द्राक्षं तोडायला. पण बाबांनी सगळ्या मराठी मंडळींत काय सांगितलंय? इंद्रनील फायनल इयरला आहे! गेल्या वर्षीही फायनल इयर, यंदाही फायनल इयर! अहो, फायनल आहे की चातुर्मास? दुकानात कोणी मराठी माणूस शिरला की मी काउंटरखाली वाकून बुटाची नाडी बांधतो. माझ्या बुटांना नाड्या नाहीत!

तर शेवटी मी म्हटलं, बाबा, बास. सांगून टाका. तर म्हणाले, "इंदू, माझ्या वाढदिवसाला सगळे येतायत. तू तुझी ती वाईन उघड. एकाला, फक्त एकाला जरी आवडली, तर मी सगळ्यांसमोर सांगेन तू काय करतोस ते." मग मला विचारतात, "पण ही रीसलिंग... गोड असते ना ती?"

गोड असते ना ती! हे वाक्य मी दिवसभर ऐकतो. ड्रोहेड्याच्या आज्ज्या छत्री झटकत येतात, "इज दॅट द स्वीट वन, लव्ह?" अरे नसते! म्हणजे असतेही, पण नसतेही, बनवणाऱ्यावर आहे! मोझेलचे मळे बघा. नदीच्या काठावर घराच्या छपरासारखे उभे चढ, आणि त्यावर आपले आजोबा बाराखडी गिरवायचे ना, त्या पाटीचा काळा दगड. दिवसभर ऊन पितो, रात्री वेलीला ऊब देतो. तिथली वाईन म्हणजे लिंबू, हिरवं सफरचंद आणि पावसानं भिजलेला दगड. आल्सासला जा, फ्रान्सच्या कडेला, तीच द्राक्षं, पण अंगानं भरलेली आणि बहुतेक वेळा अजिबात गोड नाही. ऑस्ट्रेलियात क्लेअर व्हॅली, तिथे तर नुसतं लिंबू, दात शिवशिवतात! एवढं सगळं मी बाबांना जीव तोडून सांगितलं, तर म्हणतात, "उभ्या चढावर? मग मशीन कसं चढतं?" म्हटलं, माणसं चढतात. "मॅन्युअल? मग कठीण आहे त्यांचं."

कठीण माझं आहे हो!

बरं, मी बाटली आणली मंगळवारी. जुनी, दहा वर्षं शांत बसलेली, आणि गोडवा जवळजवळ शून्य. फ्रीजमध्ये आडवी ठेवली. पण बुधवारी काय, आईचे बाबा आले, बाळासाहेब आजोबा, कोल्हापूरहून. माळकरी नाहीत, पण आईच्या डोक्यात ते कायम देवघरासमोरच बसलेले असतात. "अगं बाई, श्रीखंडाशेजारी दारू? बाबांनी फ्रीज उघडला तर?" म्हणून माझ्या बाबांनी ती उचलली आणि लपवली. कुठे? जिथे आजोबांचं लक्ष जाणार नाही अशा ठिकाणी. हॉट प्रेसमध्ये. जिथून आजोबा रोज सकाळी अंघोळीचा गरम टॉवेल स्वतः काढून घेतात!

शनिवारी, वाढदिवसाच्या संध्याकाळी, मी दुकानातून आलो, फ्रीज उघडला. श्रीखंड आहे, बाटली नाही. आई म्हणाली, "अरे, वर आहे, पिठाजवळ." मी जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गेलो. बाटली हातात घेतली... गरम! ताप आलेल्या पोरासारखी गरम! बूच वर आलेलं, जसं काही तिलाही श्वास घ्यायचा होता. मी ओरडलो, आई, हे काय केलंत? तर आई शांतपणे पिठावरचं झाकण काढून बघत म्हणते, "का? पीठ बघ किती मस्त फुगलंय. वाईनपण आंबवलेलीच ना? मग तिला काय होणारे?"

आणि हे म्हणतंय कोण? एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी आहे ती!

दुकान बंद झालेलं. दुसरी तशी बाटली होतीच कुठे! मी मागचं दार उघडलं, बाहेर गार वारा आणि आडवा पाऊस होताच, तो इथे पाहुण्यासारखा येत नाही, घरातलाच आहे, त्यात बाटली ठेवली आणि तिच्याशेजारी भिजत उभा राहिलो. अहो, आयसीयूबाहेर नातेवाईक उभे राहतात तसा!

मग मंडळी आली. प्रत्येकाच्या हातात रेड. का? तर हार्टला चांगली! आणि स्लायगोहून उल्हासकाका. मोठे सर्जन, बाबांचे कॉलेजपासूनचे मित्र, आणि जगातल्या प्रत्येक विषयाचं यांनी ऑपरेशन केलेलं. आत येताच पाठीवर थाप, "काय रे, अजून फायनल इयर? कॉलेजवाल्यांना तुझा लळा लागलाय का?" सगळे हसले. बाबाही हसले. बाबा सगळ्यात मोठ्यानं हसले.

मी बाटली उघडली. वास घेतला. आता ऐका हं, माझी खरी गोची इथे आहे. जुन्या रीसलिंगला मुळातच पेट्रोलसारखा वास येतो. तो दोष नाही, त्या वासासाठी लोक वर्षानुवर्षं वाट बघतात! पण हॉट प्रेसमध्ये शिजली म्हणून किती आणि वय झालं म्हणून किती, हे मला तरी कसं कळणार? वरून उकडलेलं सफरचंद, खालून पेट्रोल पंप. मी ग्लास भरले. काय करणार होतो?

उल्हासकाकांनी नाक घातलं. "राजीव! रॉकेल आहे हे!"

मी म्हटलं, काका, तो रीसलिंगचा...

"अरे, आम्ही रेशनच्या रांगेत उभे राहिलोय, आम्हाला रॉकेल शिकवतोस?" मग घोट घेतला, चेहरा चिंचेसारखा, "आणि आंबट! रीसलिंग गोड असते ना रे?"

तेवढ्यात मागून आवाज. आजोबा! आईनं ग्लास पदराआड... पदर नव्हता, कुर्ता होता, तर कुर्त्याआड. आजोबा बाटलीकडे बोट करून म्हणतात, "हीच न्हवं का ती? कपाटातली? रोज बघतुया. मला वाटलं, माझ्या लेकीनं, नंदीनं तिळाचं त्याल ऊन कराय ठेवलंय. काल गुडघ्याला लावणार हुतो, पर बूच काय निघंना." बसले, ग्लास मागितला, घोटाघोटानं संपवला, आणि म्हणाले, "ह्यात जरा साखर हवी व्हती बघ." संपलं! ज्यांच्यापासून लपवली, त्यांनीच सगळ्यांत आधी ग्लास रिकामा केला!

आणि साखरेचं नाव निघताच उल्हासकाकांचे डोळे चमकले. उठले. माझ्या डोळ्यांदेखत, मोझेलच्या त्या काळ्या दगडाच्या, उभ्या चढाच्या, दहा वर्षांच्या तपश्चर्येच्या वाईनमध्ये... लेमोनेड! वर श्रीखंडातली केशराची काडी! ढवळलं. प्यायले. "फक्कड! इथले म्हणतात तसं, एकदम ग्रँड! राजीव, आवडली बुवा मला!"

आवडली!

खोलीत माझ्याशिवाय आणि बाबांशिवाय कोणालाच कळलं नाही काय झालं ते. एकाला आवडली. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला, घसा खाकरला, अगदी पारा नऊवर गेल्यासारखा. म्हणाले, "मंडळी, इंद्रनीलबद्दल एक सांगायचंय." "इंद्रनीलनं... म्हणजे इंद्रनील सध्या..." आईकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं, उल्हासकाकांच्या केशराच्या काडीकडे बघितलं, "...फर्मेंटेशनमध्ये आहे."

"वा!" उल्हासकाका ओरडले. "बायोटेक!"

"ऑक्टोबरात जर्मनीला चाललाय," बाबा भरभर म्हणाले, "ट्रेनिंगला."

टाळ्या! अहो, टाळ्या वाजवल्या लोकांनी! आईनं डोळे पुसले. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, पण कान लाल झाले होते त्यांचे, आणि मला माहितीये, त्या माणसानं आयुष्यात खऱ्याच्या एवढं जवळ जाण्याचं धाडस पहिल्यांदाच केलं. आता चिडू कसा? आणि नाही चिडलो तर करू काय?

उल्हासकाका पुन्हा माझ्या खांद्यावर हात टाकून, ग्लास पुढे करून, "ते जाऊ दे रे. तू आता त्यातला माणूस. खरं सांग. मुळात ही रीसलिंग... गोडच असते ना?"

मी आजोबांकडे बघितलं, बाबांच्या लाल कानांकडे बघितलं, वर हॉट प्रेसच्या दिशेनं बघितलं.

म्हटलं, हो काका. गोडच असते. फायनल इयरला हाच विषय आहे आम्हाला.