गोट्याच्या पोटातल्या दोन वाट्या

...अहो, पण कुत्र्याला 'हलू नकोस' हे सांगायचं कसं, ते तरी सांगाल की नाही? तुम्हाला सांगते, दोन दिवस आमचा गोट्या ओकतोय, पोट नुसतं टम्म, अन्नाला तोंड लावत नाही, म्हणून इकडे हिंदी मुलखात, आमच्या मानसरोवर भागातल्या दवाखान्यात नेला, तर डॉक्टर म्हणतात, "एक्स-रे करना पड़ेगा. आप पकड़िए. और हिलना नहीं, माताजी!" माताजी! माझ्याहून मोठेच असतील!

आणि म्हणे अंगावरचं सगळं उतरवा. बांगड्या काढल्या, कुड्या काढल्या... पण मंगळसूत्र? ते कसं काढायचं हो? हे बाहेर धडधाकट बसलेले! दडवलं त्या शिशाच्या जड एप्रनखाली. गोट्या सुटायला बघतोय, मी ओणवी, त्याचे पाय माझ्या हातात, आणि डॉक्टर पलीकडून ओरडतायत, "हिलना नहीं, माताजी!"

फोटो आला. डॉक्टर पडद्याला नाक लावून बघतात... "अरे बाप रे! पेट में दो कटोरियाँ हैं! साथ में तार भी! ऑपरेशन, आज ही!"

ऑपरेशन? म्हातारा जीव तो, भूल तरी सोसेल का त्याला? मी रडायला लागले, तर हे आत येऊन माझ्यावरच, "घरातल्या वाट्या मोजल्यास का?" अहो, वाटी गिळायला तो काय मगर आहे?

मग डॉक्टर म्हणाले, चिरायच्या आधी उताणा करून आणखी एक फोटो. या वेळी ह्यांनी धरलं. मी दाराबाहेर, मंगळसूत्र मुठीत घट्ट, देवाचा धावा. आतून, "हिलना नहीं, बाबूजी!" ...फोटो आला, तर वाट्या गायब! डॉक्टर चाट. "कहाँ गयीं?" शेपटी उचलून बघतात हो!

आणि मी मूठ उघडली... दोन वाट्या! ओणवी असताना एप्रनबाहेर लोंबल्या, त्या थेट गोट्याच्या पोटावर. इकडच्या बायकांच्या मंगळसूत्राला कुठे असतात वाट्या? त्या बिचाऱ्यांना काय कळणार!

मग पोटात होतं तरी काय? हवा! औषधानं उतरेल म्हणाले, "लेकिन घी वाला मीठा किसने खिलाया?" मी ह्यांच्याकडे बघितलं. परवा आणलेला घेवर, इकडची ती तुपात तळलेली मिठाई, मी चवही घेतली नव्हती, आणि काल डबा रिकामा!

हे भिंतीकडे बघत उभे. तुम्हाला सांगते, गोट्या हलला, मी हलले, पण हे? पापणीसुद्धा नाही... खरा एक्स-रे ह्यांचाच काढायला हवा होता!