उलट लागलेल्या दोन तारा

— अहो, मान नका वळवू! हां, अशी. हे नुसतं चिकट मलम, तारा चिकटवायला. शॉक-बिक काही बसत नाही — उलट तुमच्याच मेंदूतली वीज आम्ही टिपून घेतो. बावीस वर्षं हेच करतेय. मग वरच्या मजल्यावर आमची सूनबाई त्यावरून कॉम्प्युटरमध्ये तुमचा मेंदू उभा करते. हसताय काय, खरंच! आधी एका पेशीचं गणित — ती ठिणगी कशी टाकते. मग तशा हजारो पेशींचा घोळका. मग सगळे घोळके जोडून अख्खा मेंदू. त्यात खोटी फिट आणून बघायची, कुठून उठते ते. कुणाला दुखत नाही, काही नाही.

सून कशी झाली म्हणता? पोराच्या डोक्यामुळे! त्याला फिट्स यायच्या — आठवड्याला तीन-तीन. त्याच्या तारा मीच लावल्या, दुसरं कोणी नव्हतंच त्या दिवशी. डॉक्टर म्हणाले, उजवीकडे ऑपरेशन करू. तारीखसुद्धा ठरली. आणि ही कालची पोरगी खाली येऊन म्हणते, "काकू, माझं मॉडेल जुळत नाहीये. एका तारेवर वादळ, आणि तिच्या शेजारणी शांत झोपलेल्या — असं होतं का कधी? तारा उलटसुलट नाही ना लागल्या?" माझ्या तळपायाची आग मस्तकात! म्हटलं, तू शाळेत जात होतीस तेव्हापासून तारा लावतेय मी!

पण झोप लागते का? दुसऱ्या दिवशी पोराला पुन्हा बसवलं. एकेक तार तपासून लावली — आणि वादळ डावीकडे! डावीकडे हो! आदल्या वेळी समोर पोटचं पोर, लक्ष कुठलं ठिकाणावर... डावीची तार उजवीच्या जागी, उजवीची डावीच्या. डोक्याची चांगली बाजू चिरली असती की त्यांनी!

सगळ्यांना सांगितलं, मशीन बिघडलं होतं. ती नुसतं "बरं" म्हणाली. ऑपरेशन डावीकडे झालं — तीन वर्षं झाली, एक फिट नाही. सायकल चालवतो, बायकोशी भांडतो, झकास! तपासणीच्या फेऱ्यांत दोघांचं जुळलं; लग्नात तर मीच सगळ्यांत जास्त नाचले.

तिला कळलं असेल का हो? मी अजून तिला खरं... अगंबाई, हे मी तुम्हाला कशाला सांगत बसले! काळजी नको, तुमच्या तारा दोनदा तपासल्यात. चला, डोळे मिटा. आता हलायचं नाही, बोलायचं नाही — कुणाशीच.