धुराड्याचा मानाचा पत्रा

काराकोलच्या बाजारात डांबरासाठी रांग लागली होती. पुढच्या दोघींच्या तोंडून आपलं नाव आलं, तसं ताबल्दी म्हाताऱ्यानं टोपी डोळ्यांवर ओढली.

“यंदाही डांबरच का, झूरा आपा?”

“मग काय करू? धुराड्याच्या बुडातून पाणी थेट लेकीच्या लग्नाच्या रजयांवर टपकतंय.”

“डांबर किती टिकणार? चूल पेटली की धुराडं फुगतं, थंडीत आकसतं. तडकणारच ते.”

“ठाऊक आहे गं. खरी घाण त्या ताबल्दीनं केलीय. छप्पर घालायला सगळी आळी आली होती. पहिला पत्रा ठोकायचा मान वडीलधाऱ्याचा. म्हातारा म्हणाला, मानाची जागा वरची! आणि ठोकला की धुराड्याच्या वरच्या अंगाला.”

“आणि बाकीचे पत्रे?”

“त्याच्यावर चढवले. वरून आलेलं पाणी सरळ त्यांच्याखाली घुसतं.”

“अहो, मग उचकटा सगळं! आधी खालचा पत्रा, मग बाजूचे. वरचा सगळ्यांत शेवटी, कड विटांच्या सांध्यात खोचून.”

“त्याच्या हातचा पत्रा उचकटायची कुणाची छाती आहे? तो मरेपर्यंत थांबायचं ठरवलंय.”

“तब्येत कशीय त्याची?”

“मेंढीचं अख्खं डोकं एकटा फस्त करतो मेला!”

दोघी डांबर घेऊन वळल्या. म्हाताऱ्याचा नंबर आला.

“किती डांबर देऊ, बाबा?” दुकानदारानं विचारलं.

“डांबर नको, खिळे दे. आणि त्या झूराला हाक मार. म्हणावं, यंदापासून मान शेवटच्या पत्र्याचा. तो ठोकल्याशिवाय मी काही मरत नाही.”