भोपळ्याचं पथ्य

जनावरांच्या दवाखान्यात मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंनी हातातलं मासिक मिटलं. शेजारच्या बाकावर आजोबा आणि नात औषधाची वाट बघत होते. नातीच्या हातातल्या बरणीत तिचा भोपळा नावाचा सोनेरी मासा टम्म फुगून तिरका तरंगत होता.

"बिस्किट, आजोबा? माशाला बिस्किट?"

"अगं, डॉक्टर बोलले तेवढं पुरे. आता तू उलटतपासणी घेऊ नकोस."

"तुम्हाला गोड बंद, म्हणून तुमच्या वाटचं बिस्किट भोपळ्याच्या पोटात?"

"टाकून देववत नाही गं. आणि तोच मागायचा. काचेशी येऊन सारखा आ करायचा."

"आजोबा, तो श्वास घेतो तसा! मासे तोंडानंच पाणी आत घेतात."

"म्हणजे तो बिचारा श्वास घ्यायचा आणि मी भरवत सुटायचो?"

"हो!"

"अरे देवा. वाचेल ना गं तो?"

"डॉक्टर म्हणाले ना, पथ्य पाळलं तर वाचेल. आज अगदी उपाशी. उद्या उकडलेला वाटाणा, साल काढून, किंचितसा."

"उपाशी? एवढासा जीव!"

"आजोबा!"

"बरं बाई. पण माझ्याकडे बघून त्यानं आ केला, तर माझा हात आवरायचा नाही. आज बरणी तुझ्या खोलीत ठेव. वाटाणा मी सोलतो, भरव तू."

"चालेल. अय्या, बघा! शेपटी हलवली. खाली जातोय!"

"खरंच की! थांब, याला आता काहीतरी द्यायलाच..."

"आजोबा!"

"अगं, शाबासकी म्हणत होतो. ती तरी पचेल ना त्याला?"